औषधाचे अनुपान



आपल्यापैकी जे चाळिशीच्या पुढे गेले असतील, त्यांच्या लहानपणच्या आठवणींत एक सहाण नक्की असेल. घरात तान्हे मूल असले की आजी सहाण पुढे ओढायची. गुटीच्या पुडक्यातून वेखंड, जायफळ, हळकुंड, मुरडशेंग असे एकेक काढायची आणि मोजके वेढे देऊन उगाळायची. वेढे किती द्यायचे हे ठरलेले, आणि कशात उगाळायचे हेही ठरलेले. वैद्यबुवासुद्धा नुसती पुडी हातात ठेवून मोकळे होत नसत. ‘ही तुपातून घ्या’, ‘ही कोमट पाण्याबरोबर घ्या’ असे बजावून सांगत. याला आपण अनुपान म्हणतो. औषध पोटात पोचवायला कोणीतरी सोबती लागतो, आणि तो सोबती कसा आहे यावर औषधाचा गुण अवलंबून असतो, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे.

आज आपण दुकानातून गोळी आणतो, पाण्याबरोबर गिळतो आणि अनुपान संपले असे मानतो. खरे पाहता ते संपलेले नाही. ते गोळीच्या आत जाऊन बसले आहे. या आतल्या सोबत्याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे, आणि काही ठिकाणी तो फार दुःखाचाही आहे. तोच आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

प्रथम एक गोळी फोडून पाहू. हृदयविकारावर डिगॉक्सिन नावाचे एक जुने औषध आहे. त्याच्या नेहमीच्या गोळीत खरे औषध असते पाव मिलिग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. एवढीशी भुकटी चिमटीत धरता येणार नाही, डोळ्यांना धड दिसणारही नाही. मग हाताला लागते ती गोळी कशाची? तिच्यात दुधातली साखर असते, मक्याचे किंवा बटाट्याचे पिष्ट असते, कण एकमेकांना धरून राहावेत म्हणून चिकट द्रव्य असते, आणि साच्याला चिकटू नये म्हणून किंचित वंगण असते. गोळी पोटात गेली की पिष्टाला पाणी लागते, ते फुगते आणि गोळी फुटते. मग औषध सुटे होते. या साऱ्या द्रव्यांना आपण सोयीसाठी वाहक द्रव्ये म्हणू. बैलगाडीत धान्याचे पोते असते, पण ते बाजारात पोचते ते गाडीमुळे. तसेच हे.

साच्यात दाबून गोळी करण्याची युक्ती एका चित्रकाराची, हे ऐकून आपणांस नवल वाटेल. विल्यम ब्रॉकडन हा इंग्रज चित्रकार. पेन्सिलीसाठी लागणारी ग्राफाइटची भुकटी साच्यात दाबून घट्ट करावी, आणि त्याच रीतीने औषधाच्या भुकटीच्याही गोळ्या कराव्यात, असे त्याने १८४३ साली पेटंट घेतले. त्यापूर्वी औषधविक्रेता हाताने वळून गोळ्या करी. दोन गोळ्यांत सारखे औषध येईल याची खात्री नसे. साच्यामुळे मात्रा सारखी झाली, आणि पुढे यंत्रांवर गोळ्या पडू लागल्या.

या साऱ्या काळात एक समज मात्र पक्का होत गेला. वाहक द्रव्य म्हणजे निरुपद्रवी द्रव्य. त्याला गुण नाही आणि अवगुणही नाही. तेव्हा त्याची फार चौकशी कशाला करायची? हा समज किती महाग पडला, ते १९३७ साली अमेरिकेत दिसले.

त्या वेळी सल्फानिलामाइड हे औषध नवे होते. जर्मनीत गेरहार्ड डोमाक यांनी प्राँटोसिल नावाच्या तांबड्या रंगद्रव्याने जंतुविकार बरे होतात असे दाखवून १९३५ साली ते जाहीर केले. त्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील शास्त्रज्ञांनी शोधून काढले की, शरीरात त्या रंगाचे विघटन होते आणि खरे काम करते ते त्यातून निघणारे सल्फानिलामाइड. हा पदार्थ तर १९०८ सालीच तयार झालेला होता. त्यामुळे कोणीही तो करावा आणि विकावा अशी स्थिती झाली. पेनिसिलीन अजून बाजारात यायचे होते. घसा सुजून, बाळंतरोग होऊन, जखम चिघळून माणसे जात होती. अशा वेळी ही गोळी म्हणजे संजीवनीच वाटली. १९३६ च्या अखेरीस खुद्द अध्यक्ष रूझवेल्ट यांचा मुलगा या जातीच्या औषधाने बरा झाला, तेव्हा तर तिचे नाव घरोघर गेले.

गोळी चांगलीच होती. पण ती मोठी आणि कडवट. लहान मुलांना ती गिळता येईना. टेनेसी राज्यातील ब्रिस्टल गावी मॅसेनगिल नावाची औषध कंपनी होती. तिच्या विक्रेत्यांनी सांगितले की, दक्षिणेकडील लोकांना हे औषध पातळ स्वरूपात हवे आहे. मागणी रास्तच होती. अडचण एवढीच की, सल्फानिलामाइड पाण्यात फारसे विरघळत नाही. कंपनीचे मुख्य रसायनज्ञ हॅरोल्ड वॉटकिन्स यांनी निरनिराळे द्रव घेऊन पाहिले. त्यांना एक द्रव असा सापडला की, त्यात ते सहज विरघळले. त्याचे नाव डायएथिलीन ग्लायकॉल. कारखान्यांतून द्रावक म्हणून वापरला जाणारा हा द्रव बिनरंगी, दाटसर आणि चवीला गोड असतो. ग्लिसरीन आणि तो शेजारी शेजारी ठेवले तर नुसत्या डोळ्यांनी निवडता यायचे नाहीत.

औषध तयार झाले. त्यात रासबेरीचा स्वाद घातला. मग कंपनीने तपासणी केली. रंग कसा दिसतो, वास कसा येतो, चव कशी लागते, हे सारे पाहिले. फक्त एक गोष्ट पाहिली नाही. हा द्रव पोटात गेला तर काय होते, ते कोणत्याही जनावरावर करून पाहिले नाही. तसे पाहिले पाहिजे असे सांगणारा कायदाही तेव्हा नव्हता. सप्टेंबर १९३७ मध्ये ‘एलिक्सिर सल्फानिलामाइड’ या नावाने बाटल्या गावोगाव रवाना झाल्या.

ऑक्टोबरच्या सुरुवातीस ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातून बातम्या येऊ लागल्या. घसा दुखतो म्हणून औषध दिलेली मुले एकाएकी अत्यवस्थ होत होती. उलट्या, पोटात कळा, आणि मग लघवी बंद. डायएथिलीन ग्लायकॉलपासून शरीरात जे आम्ल तयार होते ते मूत्रपिंडाला मारते. त्या काळी मूत्रपिंडाचे काम तात्पुरते सांभाळणारे यंत्र नव्हते. काही दिवस तळमळून रोगी दगावे. अमेरिकन वैद्यक संघटनेच्या प्रयोगशाळेने बाटल्या तपासल्या आणि दोष सल्फानिलामाइडचा नसून त्याला वाहून नेणाऱ्या द्रवाचा आहे, असे जाहीर केले.

यानंतर जी धावपळ झाली ती वाचताना आजही अंगावर काटा येतो. सरकारच्या अन्न व औषध खात्याकडे निरीक्षक आणि रसायनज्ञ मिळून सुमारे अडीचशे माणसे होती. जवळजवळ सगळी या कामी लागली. त्यांनी कंपनीची खाती पाहिली, विक्रेत्यांना गाठले, दुकानदारांच्या चिठ्ठ्या चाळल्या. बाटली कोणाला विकली तेच ठाऊक नसेल तर माग काढत काढत खेड्यांतून हिंडले. वर्तमानपत्रे आणि रेडिओ यांवरून इशारे दिले गेले. कंपनीने एकूण २४० गॅलन औषध केले होते, म्हणजे सुमारे ९०० लिटर. त्यापैकी २३४ गॅलन परत मिळाले. उरले ते सुमारे सहा गॅलन. तेवढ्यात शंभरांहून अधिक माणसे गेली, आणि त्यांत चौतीस मुले होती. टल्साच्या एका आईने अध्यक्ष रूझवेल्ट यांना पत्र लिहून आपल्या सहा वर्षांच्या मुलीची हकीकत कळविली आणि असल्या औषधांची विक्री थांबवा अशी विनवणी केली.

आता पाहा, कायद्याने कंपनीला पकडले ते कोणत्या अपराधासाठी? माणसे मेली म्हणून नव्हे. ‘एलिक्सिर’ या शब्दाचा औषधशास्त्रातला अर्थ मद्यार्क असलेले औषध असा होता, आणि या बाटलीत मद्यार्क नव्हताच. तेव्हा आरोप झाला तो चुकीचे नाव दिल्याचा! बाटलीवर ‘द्रावण’ असे लिहिले असते, तर तेवढाही गुन्हा ठरला नसता. दंड झाला २६,१०० डॉलर. कंपनीच्या मालकाने जबाबदारी नाकारली. रसायनज्ञ वॉटकिन्स यांनी पुढे आत्महत्या केली.

पण या दुःखातून एक मोठी गोष्ट घडली. रखडलेला नवा औषध कायदा मार्गी लागला आणि २५ जून १९३८ रोजी रूझवेल्ट यांनी त्यावर सही केली. औषध बाजारात आणण्यापूर्वी ते निर्धोक आहे हे करणाराने सिद्ध केले पाहिजे, असे त्या कायद्याने ठरविले. शिकागो विद्यापीठात प्राध्यापक गायलिंग यांनी जनावरांवर प्रयोग करून या द्रवाचे विषारीपण दाखवून दिले. त्या कामात त्यांच्या हाताखाली फ्रान्सिस ओल्डहॅम नावाची एक तरुण विद्यार्थिनी होती. हीच पुढे फ्रान्सिस केल्सी म्हणून प्रसिद्ध झाली. १९६० साली थॅलिडोमाइड या औषधाचा अर्ज तिच्या टेबलावर आला. कंपनीने कितीही तगादा लावला तरी पुरावा अपुरा आहे म्हणून तिने परवानगी दिली नाही. युरोपात त्या औषधापायी हजारो मुले अपंग जन्मली, पण अमेरिकेत तेव्हा ते औषध बाजारात आलेच नाही. तरुणपणी प्रयोगशाळेत पाहिलेले असे आयुष्यभर पुरते. शिक्षकबंधूंनी हे ध्यानात ठेवावे.

कोणी म्हणेल, ते तर विषच होते. साखर आणि पिष्ट यांनी काय बिघडणार? याचे उत्तर १९६८ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात मिळाले. ब्रिस्बेन येथे फेफऱ्याच्या रोग्यांना फेनिटोइन हे औषध कॅप्सुलांतून दिले जाई. तेच औषध, तीच मात्रा, पण रोग्यांचे तोल जाऊ लागले, बोलणे जड होऊ लागले. शोध घेता कळले की, कॅप्सुलीत भर म्हणून कॅल्शियम सल्फेट घातले जाई, त्याऐवजी दुधातली साखर घालण्यात आली होती. दोन्ही पदार्थ निरुपद्रवी. परंतु कॅल्शियम सल्फेट औषधाला थोडे अडवून धरत होते. त्या हिशेबानेच रोग्यांची मात्रा बसली होती. साखरेने अडवणे सोडले, औषध अधिक प्रमाणात रक्तात उतरले आणि मात्रा जास्त झाली. आपण ज्या डिगॉक्सिनची गोळी फोडली, तिचीही हीच कथा. निरनिराळ्या गोळ्यांतले औषध वजनाने सारखे असूनही रक्तात उतरताना त्यात सातपटीपर्यंत फरक पडू शकतो, असे १९७१ साली अमेरिकेत आढळून आले. तेव्हापासून गोळीत औषध किती आहे एवढेच न पाहता, त्यातले रक्तात किती आणि केव्हा पोचते हेही पाहण्याची चाल पडली.

इथपर्यंत ऐकून वाहक द्रव्य म्हणजे केवळ संकट, असे मात्र समजू नका. त्याच्या अंगची ही शक्ती ओळखून शास्त्रज्ञांनी तिला कामाला लावले आहे. पेनिसिलीन प्रथम आले तेव्हा ते शरीरातून लघवीवाटे भराभर निघून जाई. दर तीन-चार तासांनी सुई टोचावी लागे. १९४४-४५ च्या सुमारास अमेरिकन सैन्यातील डॉक्टर रोमान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्याने काय केले असेल? शेंगदाण्याच्या तेलात मधमाश्यांचे मेण घालून त्यात पेनिसिलीन मिसळले. मेणात अडकलेले औषध सावकाश सुटू लागले आणि दिवसभराच्या सुया एकीवर आल्या. शेंगदाण्याचे तेल आणि मेण! आपल्या घरातल्याच वस्तू. पुढे याहून सोयीचे प्रकार निघाले. आपल्या पिंपरीस १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलीन आपल्या देशातच होऊ लागले.

मधुमेहाच्या इन्सुलिनचेही तसेच. डेन्मार्कच्या हागेडॉर्न यांनी १९३६ साली माशांच्या वीर्यातून मिळणारे प्रोटामिन नावाचे प्रथिन त्याला जोडले आणि इन्सुलिनचा परिणाम लांबविला. १९५२ साली अमेरिकेत स्पॅन्स्यूल नावाची कॅप्सूल निघाली. तिच्यात शेकडो बारीक दाणे, कोणावर लेप पातळ, कोणावर जाड. पातळ लेपाचे दाणे आधी विरघळतात, जाड लेपाचे मागाहून. त्यामुळे एकच कॅप्सूल कितीतरी तास पुरते. आज दिवसातून एकदाच घ्यावयाच्या पुष्कळ गोळ्या याच विचारातून आल्या आहेत. म्हणूनच अशी लांब पल्ल्याची गोळी कुटून किंवा चावून खाऊ नये. गिळायला सोपी जावी म्हणून घरातली माणसे प्रेमाने ती खलात कुटतात. पण तसे केले की दिवसभराचे औषध एका तासात अंगावर येते. अनुपान मोडले की औषध उलटते, हे आजीचे शहाणपण इथेही खरे ठरते.

आता शेवटी आपल्या घराकडे वळू. आपल्या देशातही औषधांच्या शुद्धतेची चौकशी करण्यासाठी १९३० साली कर्नल चोप्रा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४० साली औषध कायदा झाला. तरीसुद्धा १९३७ चा तो गोड द्रव पुन्हा पुन्हा परत आला. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात रोग्यांना देण्यात आलेल्या ग्लिसरीनमध्ये तोच निघाला आणि चौदा रोगी दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. १९९० च्या दशकात बांगलादेशात आणि हैतीत मुले गेली. २०२२ साली आफ्रिकेतील गांबियात सुमारे सत्तर मुलांच्या मृत्यूंचा संबंध अशाच सिरपांशी जोडला गेला. २०२५ साली आपल्या शेजारी, मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात खोकल्याच्या सिरपामुळे वीसहून अधिक बालके दगावली. त्यांतल्या अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणले होते. टल्सा आणि नागपूर यांच्यामध्ये अठ्ठ्याऐंशी वर्षांचे अंतर आहे, पण मुलांच्या अंगावर दिसलेली लक्षणे तीच आहेत.

असे का व्हावे? कारण साधे आहे. ग्लिसरीनसारखे शुद्ध द्रव महाग असतात. हा कारखान्यातला द्रव स्वस्त असतो, आणि दिसायला व चवीला त्यांच्यासारखाच. पिंप एका हातातून दुसऱ्या हातात जाते, वरची चिठ्ठी बदलते, आणि औषध करणारा त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवतो. हा द्रव ओळखण्याची परीक्षा आज उपलब्ध आहे. प्रत्येक पिंप उघडताच ती करायची, एवढेच. जिथे ती चुकवली, तिथे घात झाला. म्हणजे १९३७ साली ज्ञान नव्हते, असे म्हणता येईल. आज तीही सबब उरलेली नाही. आज अपुरी पडते ती दक्षता.

औषधांना भ्यावे असे मी सांगत नाही. १९३७ सालीही सल्फानिलामाइडच्या गोळीने पुष्कळ प्राण वाचविले. सांगावयाचे ते इतकेच की, औषधाबरोबर येणाऱ्या सोबत्याची चौकशी करण्याचा आपला हक्क आहे. दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत, अशी सूचना केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दिली आहे, ती घरोघर पोचवावी. बाटली संपली तरी मूल बरे होईपर्यंत ती टाकू नये. तिच्यावरचा घाणा क्रमांक, म्हणजे बॅच नंबर, जपून ठेवावा, कारण माग काढायचा झाला तर तोच उपयोगी पडतो. आणि औषध घेतलेल्या मुलाची लघवी कमी झाली किंवा थांबली, तर उद्यावर न टाकता, बाटली बरोबर घेऊन, लगेच दवाखाना गाठावा.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी वर्गात एक साधा धडा घ्यावा. औषधाचे एक रिकामे वेष्टन आणावे आणि मुलांकडून त्यावरचे सारे मोठ्याने वाचून घ्यावे. औषधाचे नाव, मात्रा, तारीख, घाणा क्रमांक, करणाराचे नाव. टल्सातल्या त्या आईच्या हातातल्या बाटलीवर तो गोड द्रव कोणता, हे कुठेही लिहिलेले नव्हते. आपल्या मुलांनी निदान लिहिलेले तरी वाचावे, आणि लिहिलेले नसेल तिथे विचारावे.